आधी पाणी, मग गाडी

उन्हाळा आला की आमच्या दवाखान्यातील रोग्यांची तऱ्हा बदलते. हिवाळ्यातील खोकला-दमा मागे पडतो आणि ‘डोकं गरगरते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटऱ्यांत गोळे येतात’, ‘लघवीला आग होते’ अशा तक्रारी सुरू होतात. यातील बहुतेकांना सावली, मीठ-साखर-पाणी आणि दोन दिवसांची विश्रांती एवढ्यावर बरे वाटते. पण दर उन्हाळ्यात एखाद-दुसरा रोगी असा येतो, की त्याच्यासाठी आमच्याजवळचे सगळे इलाज उशिराचे ठरतात. आज अशाच एका रोग्यापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. पंचावन्नच्या आसपास वय असलेले एक शेतकरी सकाळी धसकटे वेचायला शेतात गेले. भावाच्या मुलीचे लग्न दोन दिवसांवर होते. त्यामुळे हातातले काम आजच संपवू, म्हणून ते अकरा वाजताही घरी परतले नाहीत. साडेबाराच्या सुमारास मुलगा भाकर घेऊन गेला, तेव्हा वडील बांधावर बसून वेगळेच बोलत होते. ‘बैल सुटला, बैल धर’ असे म्हणत होते. बैल तर त्यांनी तीन वर्षांपूर्वीच विकला होता. मुलाला आधी गंमत वाटली, मग भीती वाटली. शेजारच्या शेतातील दोघे धावून आले. कोणी म्हणाले बाहेरचे काही लागले, कोणी म्हणाले चक्कर आली. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्यांना गावात आणले. घरी तळपायांना कांद्याचा रस चोळला, भाजलेल्या कैरीचा गर अंगाला लावला. तोपर्यंत शुद्ध हरपत चालली होती. लग्नसराईत गावातल्या सगळ्या जीपगाड्या वऱ्हाडात गुंतलेल्या. तास-सव्वा तासाने एक गाडी मिळाली. रस्त्यात गरम वारा लागू नये म्हणून त्यांना चादरीत गुंडाळले, काचा बंद केल्या आणि अठरा किलोमीटर अंतर तोडून माझ्याकडे आणले. तेव्हा चार वाजत आले होते. थर्मामीटरचा पारा १०७ च्या वर गेला होता. आम्ही जे करता येते ते केले, जिल्ह्याच्या ठिकाणीही पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

नंतर मुलगा भेटायला आला, तेव्हा मी त्याला विचारले, ‘‘शेतात पाणी नव्हते का?’’

‘‘विहीर होती जी साहेब. मोटरबी चालू होती.’’

‘‘मग अंगावर पाणी का नाही टाकले?’’

‘‘म्या म्हटलं व्हतं जी. पन सारे म्हनाले, तापल्या आंगावर थंडं पानी टाकू नोको, सर्दगर्म होईल, झटका बसून मरन मानूस.’’

त्या मुलाचा यात काही दोष नाही. जे चार माणसांकडून लहानपणापासून ऐकले, तेच त्याने केले. पण ती चालू मोटर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून वाचकहो, आजच्या लेखातील बाकी सगळे विसरलात तरी चालेल. ऊन लागून ज्याचे भान गेले, त्याला आधी पाण्याने भिजवायचे आणि मग गाडी शोधायची, एवढे मात्र घरातल्या, वाड्यातल्या, शेतातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

सर्दगर्मची भीती कितपत खरी?

तापलेल्या माणसाला थंड पाण्याने झटका बसतो, ही समजूत आपल्याच खेड्यापाड्यांत आहे असे नाही. एके काळी डॉक्टरांनाही अशी शंका वाटे, की एकदम गार पाणी टाकल्यास कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतील आणि उष्णता आतच कोंडून राहील. अनुभवाने ही शंका दूर झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ नावाच्या गावी दर वर्षी ऑगस्टच्या दमट उन्हाळ्यात धावण्याची मोठी शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूतील अठरा वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. त्यात उष्माघात झालेले २७४ धावपटू निघाले. त्यांना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बसवले होते. त्यातील एकही दगावला नाही. ही माणसे धडधाकट होती आणि डॉक्टर हाताशी होते, हे खरे. तरी त्यातून एक गोष्ट पक्की झाली. कोसळल्यापासून साधारण अर्ध्या तासाच्या आत अंग उतरवले, तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. पुढे जसजसा वेळ जाईल तसतसा मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड आतून भाजत जातात. नंतर सलाइनच्या दहा बाटल्या लावल्या तरी ते नुकसान भरून येईलच असे नाही.

अर्धा तास म्हणजे आपल्याकडे जीप शोधण्याचाच वेळ. तेव्हा हा इलाज दवाखान्यात नव्हे, तर बांधावर, रस्त्यावर, लग्नाच्या मांडवातच व्हायला हवा.

शरीराचा कूलर

आपले शरीर आतून ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे जुन्या मापाने साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास राहते. हात-पाय चालवले, ओझे उचलले, नुसते अन्न पचवले तरी अंगात उष्णता तयार होते. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार करतो. खोदकाम किंवा पोती उचलण्याचे काम करणारा त्याच्या चार-पाच पट करतो. हवा थंड असेल तेव्हा ही उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच ३५-३६ अंशांच्या पुढे गेली की उलट बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग शरीराजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे घाम. घामाने गारवा येतो तो घाम गळण्याने नव्हे, तो अंगावर सुकण्याने. एक लिटर घाम अंगावरच सुकला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. ताट्यांवरचे पाणी सुकते आणि वारा गार होतो.

आता कूलर कधी निकामी होतो, हे आपण विदर्भातील माणसे चांगले जाणतो. टाकीतले पाणी संपले तर, किंवा जूनमध्ये हवा दमट झाली तर. शरीराचेही तसेच आहे. पाणी कमी पडले की घाम आटतो. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो, सुकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. त्या दिवशी ऊन लागून १४ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा तेथील पारा चाळिशीच्या खालीच होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४२ अंश झाले तरी कोणी त्याची विशेष दखल घेत नाही. पण समुद्रकाठची दमट हवा, कित्येक तास उघड्यावर बसणे आणि गर्दी हे सगळे एकत्र आले. म्हणून केवळ पाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये. शिवाय वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजलेला असतो. उघड्या शेतात किंवा डांबरी रस्त्यावर काम करणाऱ्याच्या वाट्याला त्याहून बरेच जास्त येते.

नवतपाचे नऊ दिवस सांभाळले म्हणजे झाले, अशी अनेकांची धारणा असते. मे महिन्याच्या शेवटी ऊन कडक असते हे खरेच. पण तोपर्यंत शरीर उन्हाला थोडे सरावलेले असते. उन्हात काम करण्याची सवय अंगी मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते. म्हणून मार्च-एप्रिलमधील पहिली उष्ण लाट, किंवा दोन महिने घरी बसून एकदम वीटभट्टीवर, रोजगार हमीच्या कामावर गेलेला पहिला आठवडा अधिक धोक्याचा. मुंबई-पुण्याहून लग्नासाठी आलेले पाहुणे याच कारणाने आपल्याकडे आडवे होतात आणि आपण त्यांना नाजूक म्हणून हसतो.

ओळखायचे कसे?

उन्हाचे सगळेच त्रास सारख्या गांभीर्याचे नसतात. पोटऱ्यांत गोळे येणे, उभ्या-उभ्या भोवळ येणे, मळमळणे, डोके दुखणे, घामाने डबडबून गळून जाणे ही अंगातील पाणी-मीठ कमी पडल्याची सूचना होय. अशा माणसाने काम ताबडतोब थांबवावे, सावलीत पाय थोडे वर करून पडावे, कपडे सैल करावेत आणि घोट-घोट पाणी घेत राहावे. अर्ध्या-पाऊण तासात हुशारी वाटली नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना गाठावा. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात जाऊ नये. तापलेले अंग वरून निवलेले वाटले तरी आतून लगेच निवत नाही.

उष्माघात ओळखण्याची खूण मात्र निराळी. ती डोक्यात असते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, लोकांना ओळखत नाही, दारू प्याल्यासारखा झोकांड्या खातो, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतो. अंग हाताला भाजते. थर्मामीटर असेल तर १०४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसतो. काखेत लावलेला थर्मामीटर कमी दाखवतो, तेव्हा ‘१०३ च आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये. आणखी एक चुकीची समजूत काढून टाका. अंग कोरडे पडले, घाम थांबला तरच उष्माघात, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. घरात राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ते बरेचदा दिसते. पण राबता राबता कोसळलेल्या तरुण माणसाचे अंग घामाने ओले असू शकते. घाम आहे म्हणून वेळ घालवू नका. उन्हात किंवा उकाड्यात असलेल्या माणसाचे बोलणे बदलले की तो उष्माघातच समजून पुढचे करा. चुकून तो मलेरियाचा किंवा दुसरा ताप निघाला तरी पाण्याने भिजवल्यामुळे फारसे बिघडणार नाही.

नेमके काय करावे?

रोग्याला सावलीत न्या. एकाने १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी, बाकीच्यांनी हात चालवावेत. अंगावरचे कपडे शक्य तितके काढा किंवा सैल करा. विहिरीचे, नळाचे, माठाचे, जे असेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओता आणि ओततच राहा. एक तांब्या शिंपडून थांबू नका. सोबत दुपट्ट्याने, पुठ्ठ्याने, सुपाने जोरात वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही हवे, कारण गारवा सुकण्यातून येतो. तरुण धट्टाकट्टा मजूर असेल आणि जवळ जनावरांचे टाके किंवा हौद असेल, तर मान धरून त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवता येईल. डोके पाण्याबाहेर राहील याची जबाबदारी एका माणसाने घेतली पाहिजे. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना मात्र पाणी आणि वारा हाच मार्ग बरा. सरबताच्या गाडीवरचा बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. तेथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात.

भान नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, कांद्याचा रस काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते आणि नवीनच संकट उभे राहते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. झटके येत असतील तर दातांत चमचा कोंबू नका आणि नाकाला चप्पलही लावू नका. तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. जंतूंमुळे येणाऱ्या तापात मेंदूतील तापमानाची खूण वर सरकलेली असते, गोळी ती खाली आणते. उष्माघातात ती खूण जागेवरच असते, शरीर बिचारे उष्णता बाहेर टाकू शकत नसते. अशा वेळी गोळी यकृताला त्रासच देते.

गाडी आल्यावरही पाण्याची कॅन सोबत घ्या. काचा उघड्या ठेवा, ओले फडके बदलत राहा, चादरीत मुळीच गुंडाळू नका. रोगी नीट उत्तरे देऊ लागला किंवा कुडकुडू लागला की पाणी थांबवा. शुद्धीवर आला म्हणून घरी परत नेऊ नका. मूत्रपिंडाची, यकृताची इजा एक-दोन दिवसांनी उघड होते, त्यासाठी तपासण्या लागतात.

घरात बसलेले म्हातारे

उन्हाचा बळी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेतात किंवा रस्त्यावर कोसळलेला माणूस येतो. पण मोठ्या उष्ण लाटांचा इतिहास पाहिला तर कित्येक माणसे स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर मेलेली आढळतात. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात काही दिवसांच्या लाटेत सातशेहून अधिक लोक गेले. त्यात एकटे राहणारे वृद्ध फार होते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर अभ्यासकांनी महानगरपालिकेच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. या सगळ्यांच्या दाखल्यावर काही ‘उष्माघात’ लिहिलेले नव्हते. हृदय बंद पडले, म्हातारपण, ताप अशीच कारणे लिहिली जातात. आपल्या गावातही ‘उन्हाळ्यात बुढा गेला’ असे आपण सहज म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

वय वाढले की तहान कमी लागते, घाम उशिरा सुटतो आणि हृदयाला जादा काम झेपत नाही. त्यात टिनाची खोली. दिवसभर तापलेले टिन रात्री दहापर्यंत भट्टीसारखे धगधगते. रात्र थंड झाली तर शरीर दिवसाचा शीण भरून काढते. रात्रीही उकाडा राहिला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस ढासळतो. म्हणून लाट सुरू झाल्यावर पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या दिवशी आजीकडे जास्त लक्ष द्या. दुपारी त्यांची खाट घरातील सगळ्यात थंड खोलीत किंवा कडुनिंबाच्या सावलीत हलवा. दर तासाला पाणी ‘हवे का’ असे विचारू नका, हातात पेला द्या. त्या नाहीच म्हणणार. टिनावर चुन्याचा पांढरा हात देणे हा फार स्वस्तातला उपाय आहे. अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेविरुद्ध जी योजना राबवली, त्यात पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही घेतला. बंद खोलीत, हवा चाळीस अंशांच्या वर असताना नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. पंखा लावायचा तर अंग ओल्या फडक्याने पुसून लावा.

कूलरविषयी एक सूचना येथेच करतो, कारण दर उन्हाळ्यात ती वाचून सोडून दिली जाते. कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढा. लोखंडी कूलरला उतरलेल्या विजेने आपल्या भागात दर वर्षी माणसे आणि लहान मुले मरतात. कूलर लाकडी पाटावर ठेवा, अर्थिंग तपासून घ्या आणि पोरांना त्याच्या जाळीला हात लावू देऊ नका.

काय प्यावे, किती प्यावे?

तहान लागण्याची वाट पाहू नये, हे खरे. पण ‘दिवसाला इतके लिटर’ असा एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. ऑफिसात बसणारा आणि तेंदूपाने तोडणारा यांची गरज सारखी कशी असेल? सोपी खूण लघवीची आहे. ती फिकट पिवळी आणि नेहमीइतकी होत असेल तर पाणी पुरते आहे. गडद आणि थोडी होत असेल तर कमी पडते आहे. उन्हात राबणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मात्र तासन्‌तास घाम गाळून केवळ साधे पाणीच ढोसत राहिल्यास रक्तातील मीठ पातळ होते आणि त्यानेही डोके दुखणे, उलट्या, झटके येऊ शकतात. म्हणून मध्ये ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा आंबील असावे. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील ही पेये उन्हाळ्यासाठी उत्तमच आहेत. जुलाब-उलट्या असतील किंवा फारच गळाल्यासारखे वाटत असेल तर ओआरएसची पुडी आणावी. ती नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ मिसळावे. चमचे शिगोशीग नकोत, मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

मधुमेहाच्या रोग्यांनी पन्ह्यात साखर-गुळाचे भान ठेवावे. रक्तदाबवाल्यांनी मीठ वरून घेण्याचे कारण नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्याने ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हाळ्यात किती वाढवायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवी होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरील काही औषधे यांनी उन्हाचा त्रास वाढतो. त्या स्वतःहून बंद करू नका, पण मार्चमध्येच एकदा डॉक्टरांना दाखवून या. दारूविषयी वेगळे सांगायला नको. वरातीत भर दुपारी बँडपुढे नाचणारे जे तरुण आमच्याकडे आणले जातात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या तोंडाला तो वास असतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. शेतात, बाजारात, एसटीच्या प्रवासात, कामाच्या साइटवर बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. दुपारी बाजारातून भाजी विकून आलेली बाई डोके धरून दवाखान्यात येते, तेव्हा सकाळपासून एक घोटही घेतलेला नसतो. तिला ‘पाणी प्या’ असे सांगून माझी सुटका होते, तिची होत नाही. ठेकेदारांनी आणि ग्रामपंचायतींनी कामावर पाण्याच्या माठासोबत चार ताट्यांचा आडोसा उभा केला, तर माझ्याकडील अर्ध्या रोगी बायका कमी होतील.

वाचकांची पत्रे

एका वाचकाने विचारले आहे, खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही का? माझी आजीही मला शाळेत जाताना खिशात कांदा देई, त्यामुळे या प्रश्नावर हसण्याचा मला अधिकार नाही. पण खिशातला कांदा उन्हाला अडवत नाही. भाकरीसोबत खा, चांगलाच आहे. डोक्याला दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली मात्र हवीच.

दुसरे पत्र चहाबद्दल आहे. चहाने अंगातील पाणी आटते अशी भीती घालतात. दिवसाचे दोन-तीन कप चहा घेणाऱ्याला तसा काही धोका नाही. फक्त पाण्याच्या जागी चहा पिऊन दिवस काढू नये.

तिसरे पत्र एका आईचे आहे. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला सिकलसेलचा आजार आहे आणि येत्या मे महिन्यात मामाचे लग्न आहे. ‘नेऊ की नको?’ असे त्यांनी विचारले आहे. ताई, जरूर न्या, पण तयारीने न्या. या आजारात अंगातील पाणी कमी झाले की रक्तातील पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात आणि हाडे, छाती, पोट यांत भयंकर दुखते. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवसापासूनच तिला भरपूर पाणी देत राहा. दुपारच्या गाडीने जाऊ नका, पहाटे निघा. वरातीत तिला घरीच थांबू द्या, रात्री मांडवात आणा. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर लग्नाच्या घाईत एकही दिवस चुकवू नका. पोरी-पोरी मिळून विहिरीवर पोहायला निघाल्या तर गार पाण्यात एकदम उडी मारू देऊ नका, अति थंडीनेही दुखणे उमळते. आणि ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एकाएकी फिकेपणा दिसला, तर वरमायांचा मानपान बाजूला ठेवून तिला त्याच वेळी सरकारी दवाखान्यात न्या. सोबत तिचे सिकलसेलचे कार्ड ठेवा.